दुपारच्या झोपेतलं वाक्य

सोफेवाल्याची बायको दुपारच्या झोपेत बोलायला लागली, तेही इथल्या भाषेत, तेव्हा त्याने तोंडाशी नेलेला घास परत ताटात ठेवला.

ती रुग्णालयाच्या धुलाईघरात पहाटेच्या पाळीला जायची. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे झगे, सगळं मोठमोठ्या यंत्रांतून काढायचं, वाळवायचं, घडी घालायची. दुपारी घरी आली की पाय धुवायची आणि भिंतीकडे तोंड करून झोपायची. तो मेहुण्याच्या कारखान्यात सोफ्यांना आणि खुर्च्यांना नवं कापड चढवायचा. कारखाना गल्लीच्या टोकालाच, म्हणून जेवायला घरी यायचा. खोली एकच. खिडकीला त्याने कामातून उरलेलं पिवळं कापड लावलं होतं, त्यामुळे दुपारी खोलीतल्या वस्तू मधात बुडवून ठेवल्यासारख्या दिसत. तिच्या केसांना वाफेचा आणि साबणाचा वास असे. तो आवाज न करता जेवायचा प्रयत्न करी.

जागेपणी ती इथली भाषा अडखळत बोलायची. दुकानात बटाटे मागायचे तरी आधी ओठांतल्या ओठांत घोकून घ्यायची. झोपेत मात्र ती अडखळली नाही. एकच छोटं वाक्य, स्वच्छ, सावकाश. मग थोडी शांतता, कुणाचं तरी ऐकत असल्यासारखी. मग पुन्हा तेच वाक्य. आणि शेवटी लहान मुलगी नवा फ्रॉक घालून आरशासमोर लाजते तसं हसू.

त्याला त्यातलं अवाक्षर कळलं नाही. या परक्या देशात येऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण कारखान्यात सगळी माणसं आपल्याकडचीच होती आणि गिऱ्हाइकांशी मेहुणा बोलायचा. खिळे, स्प्रिंगा आणि काथ्या यांना भाषा लागत नाही. तिने मात्र गेल्या वर्षी चर्चशेजारच्या दालनात भरणाऱ्या वर्गाला जायला सुरुवात केली. तिथून हळूहळू रविवारच्या उपासनेला जाऊ लागली. आता येत्या काही आठवड्यांत ती बाप्तिस्मा घेणार होती. त्याने हो म्हटलं नव्हतं, नाही म्हटलं नव्हतं. देवाशी त्याचं भांडण नव्हतं आणि बोलणंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तेच झालं. तिसऱ्या दिवशीही. तिला विचारणं सगळ्यात सोपं होतं. पण विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि त्याला उत्तराचीच भीती होती.

"काय रे, तोंड का असं स्प्रिंग बसल्यासारखं?" ताईने विचारलं. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण, मेहुण्याची बायको आणि कारखान्याची मालकीणबाई. चार वाजता सगळ्यांना चहा द्यायचा आणि चहाबरोबर चौकशी करायची, हा तिचा नेम होता.

"ती झोपेत बोलते."

"बोलू दे की. जागेपणी तुझ्यापुढे कुठे बोलायला मिळतं बिचारीला."

"इथल्या भाषेत बोलते."

ताईने किटली खाली ठेवली. "मी तेव्हाच म्हटलं होतं, त्या वर्गाला पाठवू नकोस. आज भाषा बदलली, उद्या देव बदलेल, परवा नवरा बदलायला कितीसा वेळ लागतो?"

"अगं, त्याला घाबरवतेस कशाला," मेहुणा म्हणाला. त्याच्या ओठांत खिळे धरलेले होते, त्यामुळे तो नेहमी कोपऱ्यातून बोलायचा. "तू तर जन्मभर आपल्याच भाषेत बोलतेस. मला त्यातलं काय कळतं?"

"तुम्ही खिळे गिळा," ताई म्हणाली.

सोफेवाला हसला नाही. त्या संध्याकाळी तो हातपाय धुऊन बायकोबरोबर वर्गाला निघाला.

"तुम्ही?" ती जिन्यातच थांबली. "तुम्हाला तर दुकानाची पाटी वाचायचाही कंटाळा."

"भाऊजी म्हणतात, गिऱ्हाइकांशी बोलायला अजून एक माणूस हवा."

ते खोटं होतं. ती खूश झाली, म्हणून त्याला ते जास्तच टोचलं.

वर्ग घेणाऱ्या बाई ठेंगण्या, गोऱ्यापान, कायम घसा बसलेल्या. सगळे त्यांना मास्तरीणबाई म्हणत. त्यांची सगळी नोकरी रेल्वेच्या तिकीट खिडकीमागे गेली होती. खिडकीपुढे येणाऱ्या प्रत्येकाला कुठेतरी जायचं असतं आणि पुष्कळांकडे त्यासाठी दोनच शब्द असतात, हे त्या तिथे शिकल्या होत्या. त्यांची शिकवण्याची रीत त्यातूनच आलेली. वर्गात फळा होता, पण त्यावर कधी काही लिहिलेलं नसे. बाई एक वाक्य म्हणायच्या. सगळ्यांनी ते त्यांच्यामागून म्हणायचं, जिभेवर बसेपर्यंत. अर्थ विचारायचा नाही. मग ते वाक्य घेऊन रस्त्यावर जायचं आणि बाई सांगतील त्या माणसाला म्हणायचं. पुढे जे काही होईल, तो त्या वाक्याचा अर्थ.

सोफेवाल्याला पहिल्यांदा पाठवलं ते चाव्या बनवणाऱ्याकडे. त्याच्या टपरीपुढे उभं राहून त्याने वाक्य म्हटलं, आणि सगळे कान आता आपल्याकडेच लागलेत असं वाटून मानेवर घाम आला. चावीवाल्याने त्याच्याकडे पाहिलं, कानस खाली ठेवली, स्वतःचं स्टूल पुढे सरकवलं आणि बाटलीतलं पाणी दिलं. सोफेवाला बसला, पाणी प्याला, आणि आपण 'मी दमलोय' असं बोललो हे त्याला कळलं. गंमत म्हणजे तो खरोखरच दमला होता. हे त्याने दिवसभरात कुणालाच, कुठल्याच भाषेत सांगितलं नव्हतं.

पुढच्या वाक्याला वाचनालयाच्या पायऱ्यांवरच्या एका म्हाताऱ्याने त्याचा दंड धरला आणि सोफेवाल्याने त्याला आधार देत खालपर्यंत उतरवलं. त्याच्या पुढच्या वाक्याला एका बाईने त्याला रागाने मागे ढकललं. तो रांगेत मध्येच घुसला होता. मास्तरीणबाईंचं वाक्य बरोबर होतं, जागा चुकली होती.

वर्ग सुटला की मास्तरीणबाई दालनाच्या पायरीवर बसून बूट बदलायच्या. आत त्या फक्त इथलीच भाषा बोलत. पायरीवर मात्र त्याच्या भाषेतही बोलायच्या. ती त्या तिकीट खिडकीवरच शिकल्या होत्या, आणि त्यांच्या तोंडी जगातल्या सगळ्या वस्तू पुल्लिंगी होत्या.

"तुमचा बायको पण असाच शिकला," त्या म्हणाल्या. "आधी बोलला, मग कळला."

"पण बाई, न कळता बोलायचं म्हणजे खोटंच झालं की."

"लहान मूल आई म्हणतो. त्याला काय कळतो? काही नाही कळतो." त्यांनी नाडी ओढली. "पण आई तर येतो ना?"

सोफेवाल्याने त्यांचा दुसरा बूट पुढे सरकवला.

"प्रार्थना पण तसाच," बाई म्हणाल्या. "मी चाळीस वर्ष म्हणतो. अजून माझा उच्चार वाईट आहे. तो ऐकतो, हसतो, आणि स्टूल देतो."

"तो म्हणजे कोण? चावीवाला?"

बाई इतक्या हसल्या की त्यांना खोकला आला. "तो पण," त्या म्हणाल्या.

घरी जाताना बायको पुढे चालत होती आणि दुकानांच्या पाट्या हळू आवाजात वाचत होती. मागून चालताना त्याच्या डोक्यात एक गोष्ट आली. तिचं झोपेतलं वाक्य त्याला आता पाठ होतं. रोज दुपारी ऐकून ऐकून ते गाण्याच्या चालीसारखं कानात बसलं होतं. बाईंना ते विचारायची सोय नव्हती. अर्थ विचारायचा नाही हा नियम होताच, शिवाय आपली बायको झोपेत काय बोलते हे परक्या माणसाला सांगणं त्याला बरं वाटेना. पण वाक्य रस्त्यावर न्यायला कुणाची परवानगी लागत नव्हती.

शनिवारी कारखाना अर्धा दिवस असे. बायको रविवारच्या तयारीसाठी चर्चमध्ये गेली होती. तो वाक्य घेऊन निघाला.

फुलं विकणाऱ्या बाईला त्याने ते म्हणून दाखवलं. तिने त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि आतल्या बाजूला हाक मारली. आतून तिचा नवरा आला, हातात देठं कापायची कात्री घेऊन. सोफेवाला रस्ता ओलांडून पलीकडे गेला.

औषधाच्या दुकानातल्या माणसाने ते ऐकून स्वतःच्या दुकानाच्या दाराकडे पाहिलं, मग सोफेवाल्याकडे, मग खांदे उडवून पुन्हा कामाला लागला. बस थांब्यावरच्या एका तरुणीने कानातली तार काढून ते दोनदा म्हणायला लावलं, मान हलवली आणि आलेल्या बसकडे बोट दाखवून चढली. एका वाक्याची अशी तीन तोंडं. बाईंच्या रीतीत असं कधी झालं नव्हतं.

ऊन उतरायला लागलं होतं. रस्ते रिकामे, दुकानांच्या काचांत ढग. तो आपल्याच इमारतीत परत आला. तळमजल्यावर एक निवृत्त पोस्टमन एकटे राहत. त्यांचं दार कायम बंद असे. सोफेवाल्याने त्यांना कधी कुणाशी बोलताना पाहिलं नव्हतं. आज ते दारात कुंडीला पाणी घालत होते. आता एवढा एक माणूस, असं ठरवून त्याने वाक्य म्हटलं.

पोस्टमननी झारी खाली ठेवली. बराच वेळ ते त्याच्याकडे पाहत राहिले. मग आत गेले. बाहेर आले तेव्हा केस ओले करून विंचरलेले होते आणि अंगात कोट होता. त्यांनी हाताने जिन्याकडे खूण केली, चला, अशी. सोफेवाला वर चढला. त्याच्या मागून पोस्टमन, कठड्याला धरून, दर मजल्यावर थांबत. खोलीत येऊन ते त्याने स्वतः कापड चढवलेल्या खुर्चीत बसले, पिवळ्या पडद्याकडे पाहिलं आणि समाधानाने श्वास सोडला.

त्याने चहा केला. दोघांत एकाही भाषेचा धागा नव्हता. चहा संपला तरी ते उठले नाहीत, आणि विचित्र म्हणजे त्यांनी उठावं असं त्याला वाटलंही नाही. अंधारायला आलं तेव्हा ते दारापर्यंत गेले, वळले, त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि सावकाश खाली उतरले.

तेव्हा त्याला अर्थ कळला. वाक्य कुणाला तरी बोलावणारं होतं. दार उघडं आहे, आत ये.

ज्या खुर्चीत पोस्टमन बसले होते तिच्यातच तो बसला. कात्री, खांदे, बस, सगळं आपापल्या जागी बसलं होतं, पण त्यामुळे त्याला बरं वाटलं नाही. रोज दुपारी, तो भिंतीला टेकून जेवत असताना, त्याची बायको कुणाला तरी आत बोलावत होती. आणि नंतर हसत होती.

रविवारी तिची दुपार चर्चमध्ये गेली. सोमवारी तो जेवायला आला तेव्हा ती झोपलेली होती. त्याने ताट वाढून घेतलं, पण जेवला नाही. वाट पाहिली. खिडकीवरचा पडदा आत फुगला, बाहेर गेला, पुन्हा फुगला. मग वाक्य आलं. शांतता. पुन्हा वाक्य. मग हसू. त्याने ताट जमिनीवर ठेवलं आणि वाटीचा आवाज झाला. तिने डोळे उघडले.

"कोण येतं?" त्याने विचारलं.

"कुठे?" ती अजून अर्धी झोपेतच होती. "बेल वाजली का?"

"तू कुणाला बोलावतेस, ते विचारतोय. झोपेत. रोज."

"मी कुणाला बोलावू? काहीतरीच तुमचं."

त्याने वाक्य म्हणून दाखवलं. ती उठून बसली, केस मागे सारले आणि त्याच्याकडे असं पाहिलं की जणू खुर्चीच बोलायला लागली.

"पुन्हा म्हणा."

त्याने पुन्हा म्हटलं.

"अगंबाई. उच्चार माझ्यापेक्षा बरा आहे तुमचा." ती हसली, आणि मग तिचं हसू ओसरलं. "हे मी मोठ्याने म्हणते?"

"स्वच्छ. एकदाही न अडखळता. खाली जाऊन विचार हवं तर, पोस्टमनना विचार."

"पोस्टमनचा काय संबंध?"

"ते नंतर सांगतो. आधी सांग, कोण आहे तो?"

तिला आता त्याच्या चेहऱ्यावरून सगळं कळलं. ती रागावेल असं त्याला वाटलं. ती रागावली नाही. तिने गुडघे जवळ घेतले.

"मी कुणाला बोलावत नाही हो. मला बोलावतात. धुलाईघर असतं, पण भिंती नसतात. सगळीकडे वाफ. चादरी टांगलेल्या, ओल्या, पार लांबपर्यंत. मी त्यांच्यातून चालते, एक बाजूला सारली की पुढे दुसरी. आणि पलीकडून हे वाक्य येतं. दार उघडं आहे, आत ये. रागाने नाही, घाईने नाही. आपल्या ओळखीचं कुणी म्हणावं तसं, ऐकून हसूच येतं."

"मग तू ते का म्हणतेस?"

"उत्तर येत नाही म्हणून. अर्थ कळतो, पण काय बोलायचं ते सुचत नाही. मग वर्गात करतो तेच करते. ऐकलं ते तसंच म्हणते, विसरू नये म्हणून."

"आणि मग आत जातेस?"

"कुठली जाते! तेवढ्यात तुमच्या वाटीचा आवाज येतो आणि मी इथे."

तो ताटाकडे पाहू लागला. वरणावर साय धरली होती. "म्हणजे रोज मीच तुला मागे ओढतो."

"रोज तुम्हीच."

"उद्यापासून कारखान्यात जेवतो."

"नको." ती पटकन म्हणाली. मग हळू. "खरं सांगू? आवाज आला की बरं वाटतं. एकटीने आत जायची भीती वाटते. वाटतं, मागे वळून पाहीन आणि तुम्ही चादरींच्या अलीकडेच राहिलेले असाल."

रस्त्यावरून एक गाडी गेली. पडदा पुन्हा फुगला.

"वन्सं काय म्हणतात ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "त्यांचं सोडा. तुम्हालाही तसंच वाटतं का?"

"मला वाटतं तू पुढच्या गावी निघालीस आणि मला तिकीटसुद्धा मागता येत नाही."

तिने उशीचा अभ्रा सारखा केला. "तुम्ही नको म्हणा," ती म्हणाली, "मी थांबेन. बाईंना सांगेन, अजून तयारी नाही."

हे त्याला अपेक्षित नव्हतं. इतके दिवस त्याला वाटत होतं की निर्णय कुठेतरी पलीकडे, त्याला न कळणाऱ्या भाषेत, होऊन गेला आहे. तो त्याच्या हातात आला तेव्हा जड लागला. नको, एवढाच शब्द. घरच्या भाषेतला, उच्चाराची अडचण नसलेला. तो म्हटला असता तर ती थांबली असती, आणि रोज दुपारी चादरींमध्ये उभी राहून तेच वाक्य म्हणत राहिली असती, जन्मभर.

"थांबू नकोस," तो म्हणाला. "पण मला काही कळणार नाही तिथे."

"मला तरी कुठे कळायचं? पहिले कितीतरी रविवार बाई उठल्या की मी उठायची, बसल्या की बसायची. तुम्ही नुसते या."

"आणि मानायचं काय?"

"काही नाही. बसायचं." तिने त्याचं ताट पुढे ओढलं. "हे गरम करून देते. आणि आता सांगा, पोस्टमनना काय केलंत तुम्ही?"

त्याने सांगितलं. फुलवालीची कात्री सांगितली तेव्हा ती हसता हसता भिंतीला टेकली, आणि पोस्टमननी केस विंचरले ते सांगितलं तेव्हा तिने डोळे पुसले.

बाप्तिस्म्याच्या रविवारी ताईही आली. "पाहायला नको का, काय करतात ते," ती म्हणाली आणि त्याच्याशेजारी पदर आवळून बसली. बाकावर गादी नव्हती. तो सवयीने लाकडाची कड चाचपत राहिला. सगळे उठले की दोघं भावंडं क्षणभर उशिरा उठत आणि सगळे बसले की दोघंच उभी राहत.

"तू तरी आधी शिकून यायचंस," ताई पुटपुटली.

बायको पुढे उभी होती, शेजारी मास्तरीणबाई. तिथल्या धर्मगुरूंनी, पाळकांनी, तिला इथल्या भाषेत काही विचारलं. तिने उत्तर दिलं. झोपेतला तो स्वच्छ आवाज नव्हता. बटाटे मागतानाचा होता, प्रत्येक शब्दाआधी पाऊल चाचपणारा. दुसऱ्या प्रश्नाला ती मध्येच अडकली. कुणी शब्द सुचवला नाही. कुणी खाकरलं नाही. सगळं चर्च थांबलं, घाई नसलेल्या माणसांसारखं. तिने मान वळवून बाकांमधून त्याला शोधलं. शब्द त्यालाही येत नव्हता. तो फक्त आपल्या जागी होता, आणि तिने ते पाहिलं.

ती पुन्हा पुढे वळली आणि बोलली. बहुतेक चुकीचं बोलली, कारण मास्तरीणबाईंनी ओठ आवळून हसू दाबलं. पाळकांनी मात्र ते पूर्ण उत्तर धरलं. तिच्या डोक्यावर पाणी ओतलं, एकदा, पुन्हा, आणि पुन्हा.

"बाई गं, किती ओततात," ताई म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता.

नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठी पहिला बाक राखून ठेवला होता. बायको त्या बाकाजवळ गेली, बाईंच्या कानात काहीतरी बोलली आणि मागे चालत आली, ओल्या केसांनी, फरशीवर थेंब सांडत. सोफेवाल्याला काय करावं ते कळेना.

"अरे, सरक ना," ताईने त्याला कोपर मारलं. "तिला जागा दे." आणि स्वतःचा रुमाल काढून भावजयीपुढे धरला. "डोकं पूस आधी. सर्दी झाली तर तुझा देव औषध आणणार आहे का?"

"आणेल की, वन्सं."

"आणू दे. रुमाल मात्र माझा परत दे."

सगळे उठले आणि गाऊ लागले. या वेळी ते तिघं बरोबर उठले. तिला ओळीतले निम्मे शब्द येत होते, त्याला एकही नाही. तो तिच्या ओठांकडे पाहून जमेल तेवढं मागून म्हणत होता. ताई गात नव्हती, पण तिचा पाय ठेका धरत होता आणि ठेका तिघांत तिचाच बरोबर होता. त्याच्या बायकोची ओली बाही त्याच्या हाताला लागत होती, गार. त्याने हात बाजूला घेतला नाही.